जळकोटच्या मालनबाईची सुई

गेल्या मार्चात जळकोटात एक बातमी फिरत होती आणि ती मी तीन तोंडांतून ऐकली. पहिल्या तोंडानं सांगितलं की श्रीपतीची मालनबाई उत्तरेत जाऊन डॉक्टरीण झाली, गाडीपुढं रांग लावून माणसांना सुया टोचती. दुसऱ्या तोंडात गेल्यावर त्यातली दोन माणसं अंथरुणाला खिळली. तिसरं तोंड धुळाप्पाचं. त्याचं हायवेला चहाचं हॉटेल आहे, आणि तो चहात पाणी जितकं घालतो तितकंच बातमीत दूध घालतो. त्यानं मालनबाईला पोलिसांच्या ताब्यात दिलं, गाडी जप्त केली आणि श्रीपतीला माफीचा साक्षीदार करून टाकलं. हे सगळं अर्ध्या कटिंगमध्ये.

बरं, पुरावा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. श्रीपतीच्याच मोबाईलवरून गावच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. फोटोत मालनबाई उभी, पदर कमरेला खोचलेला. उजव्या हातात ही एवढी मोठी सिरिंज, सुई आभाळाकडं, आणि एक डोळा मिटून ती सुईच्या टोकाकडं बघतेय. नर्स टोचायच्या आधी हवा काढते ना, अगदी तशी. मागं गाडी, गाडीवर लाल अधिकाची खूण, खाली ठळक अक्षरं ‘फिरता दवाखाना’. आणि गाडीला लागून वीस-पंचवीस माणसांची रांग. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, काठी टेकलेले म्हातारे. फोटोखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. श्रीपतीला मोबाईलवर लिहिता येत नाही, नुसतं पाठवता येतं.

असा फोटो आल्यावर गावानं गप्प बसायचं तर मग गाव कशाला म्हणायचं. मीही थोडी भर घातली, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, तपासणी फुकट आहे पण सुईला एक कोंबडी घेते. ते कोंबडीचं काही जण अजून खरं धरून चाललेत.

पण मालनबाई कोण, हे आधी सांगायला पाहिजे.

एका ट्रस्टचा दवाखाना गाडीतून जिल्हाभर फिरायचा. सोमवारी आमच्या जळकोटकडची गावं, बुधवारी पार भूम तालुक्यात ईट, शनिवारी वाशीचा बाजार. मालनबाई त्या गाडीवर अठ्ठावीस वर्षं मदतनीस होती. गाडी थांबली की आधी उतरायची ती. पायरी लावायची, पाण्याची टाकी भरून घ्यायची, बायांची रांग वेगळी, बाप्यांची वेगळी, भांडणारा मधे. त्या काळात अकरा डॉक्टर बदलले, पाच ड्रायव्हर बदलले. मदतनीस एकच. कुठल्या दाराला खांदा लावावा लागतो, कुठला नळ डावीकडं जास्त फिरवला की रडत बसतो, हे नव्या डॉक्टरला तीच सांगायची. डॉक्टर मान हलवायचा आणि नळ डावीकडं फिरवायचा.

एक गोष्ट मात्र तिला लागून राहिली होती. मदतनिसाची जागा गाडीच्या मागच्या भागात, औषधाच्या खोक्यांना पाठ लावून, तोंड मागच्या दाराकडं. खिडकी नाही. दाराला हातभर काच, तेवढंच. समोरून काय येतंय हे अठ्ठावीस वर्षं तिला दिसलंच नाही. सगळा जिल्हा तिनं मागं मागं जाताना पाहिला. ईट आलं हे तिला ईट संपल्यावर कळायचं.

ट्रस्टनं गाडी बंद केली, लिलावात काढली. भंगारवाले आले होते, आणि त्यांच्यात एक नऊवारीतली बाई. भंगारवाल्यांनी आधी तिला चहा सांगितला, मग ती बोली लावतेय म्हटल्यावर चहा परत नेला. गाडी तिनंच घेतली. वाशीच्या एका वेल्डरकडून आत दोन पलंग, ओटा, भांड्यांचं कपाट करून घेतलं. हवेसाठी त्यानं छताला एक झडप बसवून दिली आणि झडपेच्या कडेनं लावायला डांबराचा एक डबा हातात ठेवला. त्या झडपेचं पुढं येईलच. दवाखान्याचं घर झालं. मालनबाईनं पहिलं काम काय केलं असेल, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नवी गादी शिवून टाकली, आणि तिथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही असं जाहीर केलं.

ड्रायव्हर अर्थात श्रीपती, तिचा नवरा. याची ओळख करून द्यायला मला फार आवडतं. श्रीपतीनं सव्वीस वर्षं जळकोट ते नळदुर्ग वडापची, म्हणजे मावतील तेवढी माणसं कोंबून नेणारी, जीप चालवली. सोलापूरच्या पलीकडं तो दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा मुक्काम न करता परत आला. त्याच्या शर्टाची कॉलर मळून काळी झालेली कधी कुणी पाहिली नाही. जीप बंद पडली की हा उतरून चार पावलं लांब उभा राहायचा, जणू जीप दुसऱ्याची आहे. त्याचं एक ठाम मत होतं, की ड्रायव्हरनं पान्याला हात लावला की तो ड्रायव्हर राहत नाही. पाना मिस्त्रीचा, स्टिअरिंग ड्रायव्हरचं. सव्वीस वर्षांत त्यानं चाकात हवासुद्धा स्वतः भरली नाही.

या दोघांना एक मुलगी, श्रावस्ती. विहारात एक भंतेजी आले होते, त्यांनी नाव सुचवलं. ज्या नगरीत तथागतांनी सगळ्यात जास्त पावसाळे काढले ती श्रावस्ती, असं त्यांनी सांगितलं होतं. शाळेत पोरी चिडवायच्या, हे तर गावाचं नाव, मग तू इथं काय करतीस, जा की तुझ्या गावाला. आठ वर्षांची पोर रडत घरी आली. मालनबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं, “रडायचं काय त्यात? ज्याचं गाव असतं त्यानं रडू न्हाय. म्या दाखवीन तुला तुझं गाव.”

तेव्हा ते गाव कुठल्या दिशेला आहे हे मालनबाईला ठाऊक नव्हतं. पण शब्द दिला तो दिला. तेवीस वर्षं तो तसाच राहिला. श्रावस्ती शिकली, लातूरला एका दवाखान्यात नर्स झाली. तिची सुट्टी म्हणजे मालनबाईच्या शब्दापेक्षा अवघड. यंदा कशीबशी जायचे-यायचे दिवस सोडून चार दिवसांची मंजूर झाली, तीही तारीख ठरवून. तेव्हा बेत असा झाला, की आईबापांनी आधी निघायचं, नागपूरची दीक्षाभूमी, मग सारनाथ, बोधगया, कुशीनगर करत वर सरकायचं, आणि पोरीनं ठरल्या दिवशी रेल्वेनं बलरामपूरला उतरायचं. तिथून तिचं गाव जवळ. ते आईनं दाखवायचं.

श्रीपती म्हणाला, तिघंही रेल्वेनंच जाऊ की, हे घर गळ्यात बांधून कशाला न्यायचं. त्यावर मालनबाई जे बोलली ते त्यानं मला दोनदा सांगितलं, म्हणजे त्याला लागलं असणार.

“अठ्ठावीस वर्सं उलटी बसून हिंडले म्या. आता एकदा सुलटी बसून जाते. तुमाला यायचं तर या, न्हायतर ड्रायव्हर दुसरा बघते.”

तर श्रीपती तयार झाला, पण वडापवाला तो, अट घातल्याशिवाय जीप सुरू करत नसे. त्यानं अट घातली. चाकं, इंजिन हे त्याचं खातं, ते त्यानं निघण्याआधी मिस्त्रीकडून घट्ट करून घेतलं होतं. पण घराचं काही बिघडलं आणि त्याला मिस्त्री बोलवावा लागला, की तिथून गाडी माघारी. मग सारनाथ असो का बोधगया. मालनबाई म्हणाली, कबूल. श्रीपतीला वाटलं, लातूरपर्यंतही जात नाही.

आणि खरंच, लातूरच्या अलीकडंच नळ रडायला लागला. टप टप टप. श्रीपतीनं स्टिअरिंगवरून मागं वळून पाहिलं, त्याच्या तोंडावर परतीचा रस्ता उमटलेला. मालनबाईनं पलंगाखालून एक पत्र्याचा डबा काढला. दवाखान्यातल्या रिकाम्या औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं तिनं वर्षानुवर्षं साठवलेली. का साठवली होती हे तिलाही सांगता येत नाही, टाकवत नाही म्हणून. तिनं नळ खोलला, आतला झिजलेला वायसर काढला, विळीवर बूच कापून तेवढ्या मापाची चकती केली, मधे सुईनं भोक पाडलं, नळ बसवला. टप टप थांबली. श्रीपती म्हणतो, त्या नळानं त्याचा विश्वासघात केला.

यवतमाळच्या पुढं घाटातल्या एका वळणावर कपाटाची दारं उघडली आणि पिठाचा डबा थेट श्रीपतीच्या पाठीत आला. त्यात जळकोटच्या चक्कीवर दळून आणलेलं ज्वारीचं पीठ, पंधरा दिवसांचं. श्रीपती पांढराफटक. पुढच्या धाब्यावर उतरला तर पोरगं त्याला भूत समजलं असं तो सांगतो, पण धाब्यावर पोरगं होतं का याचीच मला शंका आहे. मालनबाईनं पीठ चाळून घेतलं आणि कपाटाच्या कड्यांना पाय मुरगळल्यावर बांधतात ती ताणायची पट्टी अशी गुंडाळली, की पुढं दारं उघडायला श्रीपतीला दोन हात लागायचे. जबलपूरच्या बाजूला पंखा मंद झाला, दिवे पिवळे पडले. आतल्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला होता. तिनं तो सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला, कोरडा केला, वर ओठाला लावायचं व्हॅसलीन फासलं. गॅसचा वास आला तेव्हा श्रीपती काडी पेटवून बघतो म्हणाला. त्या दिवशी मालनबाई त्याला काय म्हणाली ते तो सांगत नाही. नळीवर तिनं साबणाचा फेस लावला, जिथं बुडबुडे आले तिथं नळी दोन बोटं कापून पुन्हा घट्ट बसवली.

माणूस मालनबाईचं कौतुक करील असं तुम्हाला वाटेल. श्रीपतीनं तेव्हा केलं नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो थोडा उदासच व्हायचा. त्याला घर आठवत होतं. घर तर सोबतच होतं म्हणा, पण धुळाप्पाचं हॉटेल नव्हतं. सकाळी उठून कुणाची निंदा करावी तर ओळखीचं माणूस नाही.

बोधगयेला त्यानं जे केलं ते मात्र मी आयुष्यभर वापरणार आहे. मालनबाई विहारात गेली असताना श्रीपतीनं, ज्यानं कधी पान्याला हात लावला नाही त्यानं, ओट्याखालची फ्यूजची डबी उघडली, आतल्या दिव्या-पंख्याचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. आता कशी काय करती बघू, मिस्त्री लागणारच.

मालनबाई आली. पंखा नाही, दिवा नाही. ती अर्धा दिवस एकेक वायर चाचपत बसली. शेवटी डबी उघडली, तर जागा रिकामी. फ्यूज जळतो, तो उडून जात नाही, एवढं तिला कळत होतं. संध्याकाळी कपडे धुवायला घेतले, शर्टाचा खिसा चाचपला, फ्यूज घेतला, जागेवर बसवला. मग पिठलं टाकलं, लसणाचं, श्रीपतीला आवडतं तसं. तो जेवायला बसला आणि उकडतंय म्हणून सवयीनं बटण दाबलं. पंखा फिरला. तो पंख्याकडं बघत राहिला, हातातला घास हातात.

“काय बघताव?” मालनबाई म्हणाली. “फिरतुया. जेवा.”

बस्स, तेवढंच. दोघांत त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मला हे कळलं ते श्रीपतीकडून, आणि मालनबाईनं शर्ट धुताना खिसा पाहिला हे तिच्याकडून. दोघांना एकमेकांचा अर्धा भाग माझ्यामुळं कळेल आता. कळू दे.

कुशीनगर झालं. तिथून बलरामपूरच्या वाटेवर एका खेड्याबाहेर, आमराईच्या कडेला त्यांनी गाडी लावली. पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरहून निघणार होती. सगळं वेळेवर चाललेलं. आणि त्या दुपारी अवकाळी पाऊस आला, वर गारा.

या एका पावसानं दोन उद्योग केले. पहिला आतला. वेल्डरनं बसवलेल्या झडपेच्या कडेनं पाणी आत आलं. बरं, यावं तर कुठं, श्रीपतीच्या उशीवर. मालनबाईनं भांडं ठेवलं, ते भरलं, दुसरं ठेवलं. डांबराचा डबा आणलेला होता, पण झडपेच्या पत्र्याखालची फट केसासारखी. निघायच्या आधीच तिनं एका पोराला वर चढवून बोटानं डांबर फासून घेतलं होतं, आणि आता तो वरचा थर गारांनी सोलून काढला होता. फटीच्या आत, खिळ्यांच्या मुळाशी मसाला गेला तरच उपयोग. बोट जात नाही, काडी जात नाही, चमचा तर जातच नाही.

श्रीपती ओली उशी मांडीवर घेऊन बसला. या वेळी तो खूश नव्हता, हे विशेष. पण बोलला तो ठरल्यासारखंच.

“मालन, आता मिस्त्री लागणार. उद्या दुपारपातूर हे थांबलं न्हाय तर पोरीला फोन कर. येऊ नको म्हण. अशा गळक्या घरात तिला आणून चार दिस पाण्यात बसवायचं का?”

“दुपारला येळ हाय,” ती म्हणाली.

बघा, एवढंच अडकलं होतं. केसासारखी एक फट. ती बुजली तर पोरगी तिचं गाव बघणार, नाही बुजली तर आठ वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द पुन्हा पलंगाखाली जाणार, बुचांच्या डब्याशेजारी. पोरीला अशी सुट्टी पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मालनबाईनं एक हात भांड्यावर ठेवून तशीच डुलकी काढली.

पावसाचा दुसरा उद्योग सकाळी दिसला. त्यासाठी श्रीपतीची एक हुशारी सांगावी लागेल. गाडी घेतली तेव्हा तिच्यावर बाहेरून दवाखान्याची पाटी रंगवलेली होती. ती झाकायला श्रीपतीनं रंग आणला. रंगाच्या दुकानदारानं विचारलं, कशाला द्यायचाय. श्रीपती म्हणाला, घराला. दुकानदारानं घराचा डिस्टेंपर दिला. लोखंडाला डिस्टेंपर धरत नाही हे मी त्याला रंग देतानाच सांगितलं होतं. त्यावर त्याचं उत्तर असं, की आत पलंग आहे, चूल आहे, बायको आहे, म्हणजे घरच झालं की, मग घराचाच रंग पाहिजे. या न्यायानं त्यानं तीन हात मारले. गारांनी आणि पावसानं ते तिन्ही हात आमराईच्या चिखलात उतरवले. सकाळी ऊन पडलं तेव्हा गाडी पुन्हा जुनी झालेली. लाल अधिकाची खूण लखलखीत. ‘फिरता दवाखाना’. आणि मराठी काय, हिंदी काय, अक्षरं तीच. तिकडच्या माणसालाही पहिल्या झटक्यात वाचता आलं.

मालनबाई दार उघडून खाली उतरली, तर समोर दहा माणसं. अर्ध्या तासात वीस. श्रीपतीनं पुढं जाऊन ड्रायव्हरचं दार आतून लावून घेतलं.

मालनबाईनं तिच्या दखनी हिंदीत सांगितलं, डाक्टर नहीं है, दवा नहीं है, ये घर है. माणसांनी मान हलवली आणि खाली बसली. डॉक्टर नाही हे ऐकून वाट बघत बसायची त्यांना सवय होती, आणि तशा बसलेल्यांना सांभाळायची तिला. हात आपोआप चालले. बाया इकडं, बाप्ये तिकडं, म्हाताऱ्यांना सावली. एका बाईच्या लेकराला हगवण लागली होती. तिला मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते मालनबाईनं करून दाखवलं आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात ने म्हणून चार वेळा बजावलं. दुसऱ्या एका म्हाताऱ्याचं तिनं फक्त ऐकून घेतलं. तो म्हणे बरा होऊनच गेला. तिकडं रांग, वर गळकं छत, आत दार लावून बसलेला नवरा, आणि आमराईची सावली हळूहळू आखूड होत चाललेली.

रांगेत एक बाई शेळी घेऊन उभी होती. दवाखाना म्हटल्यावर तिनं माणसाचा का जनावराचा हे विचारलं नव्हतं. मालनबाई तिला समजावायला गेली, तर त्या बाईनं कमरेच्या पिशवीतून स्वतःचीच सिरिंज काढून दाखवली. तिच्या पाच शेळ्या, डॉक्टर वेळेवर येत नाही, म्हणून सुई तीच टोचते. फक्त औषध द्या, एवढंच तिचं म्हणणं. सिरिंज जनावराची, हातभर, सुई दाभणाएवढी जाड.

मालनबाई त्या सुईकडं बघत राहिली. मग छताकडं. मग पुन्हा सुईकडं.

औषध काही तिच्याकडं नव्हतं. पण त्या शेळीच्या खुराला चिखलानं जखम झाली होती, ती तिनं मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन बांधून दिली, त्याच ताणायच्या पट्टीचा तुकडा कापून. त्या बाईनं सिरिंज हातात देऊन टाकली, जुनी आहे, ठेवा म्हणाली. मालनबाईनं चूल पेटवली, पाणी उकळलं, त्यात तो डांबराचा डबा ठेवला, डांबरात थोडं रॉकेल घातलं, पातळ झाल्यावर सिरिंज भरली. बाहेर उजेडात येऊन सुई वर धरली, आणि एक डोळा मिटून आतली हवा काढू लागली.

तेव्हाच दार उघडून श्रीपती बाहेर आला. बायको अशी उभी, मागं सगळी रांग तिच्याकडं बघतेय. त्यानं मोबाईल काढला आणि फोटो घेतला. का घेतला विचारलं तर म्हणतो, चांगली दिसत होती.

तोच तो फोटो. तो जळकोटात आला, धुळाप्पाच्या हातात पडला, आणि आमच्याकडं दोन माणसं अंथरुणाला खिळली. तिकडं दुपारी मालनबाईनं लातूरला फोन लावला. श्रावस्तीनं विचारलं, निघू का. आई म्हणाली, “नीघ.” वाटेत परत एकदा पाऊस झाला. श्रीपतीची उशी कोरडी राहिली.

ठरल्या दिवशी बलरामपूरला पोरगी उतरली. मालनबाईनं तिला पुढच्या गादीवर बसवलं, स्वतः मागं गेली, आणि एवढी एकदाच ती गाडीत पुन्हा मागं बसली. पण या वेळी तोंड पुढं करून, दोघांच्या मधून बघत. पोहोचले ते जुन्या पडक्या विटांच्या भिंतींच्या ओळी, मोठी झाडं, कुणी बसून वंदना म्हणतंय, कुठं पिवळ्या चिवरातलं माणूस सावकाश चाललंय, असं ते ठिकाण. श्रावस्ती बराच वेळ हिंडली. मग आईजवळ येऊन विटेवर बसली आणि हसून म्हणाली, “आई, माझ्या गावात तर कुणीच राहत नाही गं.”

“म्हणून काय झालं?” मालनबाई म्हणाली. “आपुन राहू की चार दिस. घर आणलंय.”

चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी पोरीला रेल्वेत बसवलं आणि ही दोघं परत फिरली, सावकाश, वाट वाकडी करून. श्रीपतीनं परतीची घाई केली नाही. उलट सांचीही बघून येऊ म्हणाला. गाडीची पाटी त्यांनी झाकली नाही. गावोगाव माणसं जमायची, मालनबाई मीठ-साखरेचं पाणी सांगायची, आणि श्रीपती रांगा लावायचा. बाया इकडं, बाप्ये तिकडं. शिकला तो.

आता गाडी जळकोटात त्यांच्या दारात उभी असते. सकाळी दोन-तीन बाया येतात, कुणाचा नळ रडतोय, कुणाच्या गॅसला वास येतोय. मालनबाई बुचांचा डबा काढते. पुढच्या हिवाळ्यात लुंबिनीला जायचं चाललंय. श्रीपतीनं अट घातलेली नाही. परवा मी त्याच्या शर्टाची कॉलर पाहिली, काळी होती. धुळाप्पानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, बायकोनं किती जणांना टोचलं. श्रीपती लाजला आणि चहा अर्धा टाकून उठला. तो का लाजला हे धुळाप्पाला कळलं नाही. मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मालनबाईनं कुणालाही सुई टोचली नाही. तिचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. ती आत पलंगावर उभी राहून जिथं ओल दिसेल तिथं खालून पळीनं ठोकत होती, आणि वर छतावर बसून श्रीपती तिथं तिथं सुई खुपसत होता. सिरिंज शेळ्यांची होती, आत डांबर होतं, आणि श्रीपतीनं ते गाडीच्या छताला सतरा ठिकाणी टोचलं.